जुनं म्हणजे भंगार नव्हे!

जुनी सिस्टिम दिसली की "उडवा, नवीन लिहू" म्हणायची आपल्या धंद्यात फॅशनच आहे. अशा मंडळींनी नेदरलंड्समधल्या लेमर गावचं वाउदा पंपिंग स्टेशन जरूर बघावं.

फ्रिसलंड प्रांत सखल. जोराचा पाऊस झाला की तळी आणि कालवे तुडुंब भरतात आणि पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं. त्यासाठी 1920 साली हे स्टेशन सुरू झालं. चार वाफेची इंजिनं, आठ सेंट्रिफ्युगल पंप आणि मिनिटाला सुमारे 4000 घनमीटर पाणी! 1966 मध्ये स्ताव्होरेनला विजेवरचं स्टेशन आलं. रोजचं काम त्याच्याकडे गेलं. आता सांगा, आपण काय केलं असतं? वाउदाला कुलूप, बाहेर एक पाटी आणि उद्घाटनाला मंत्री.

तिथल्या लोकांनी 1967 मध्ये बॉयलर कोळशावरून तेलावर आणले आणि स्टेशन चालू ठेवलं. 1998 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा झाला, तरी सुटका नाही. पाणी फार चढलं आणि नव्या स्टेशनला झेपेना, की आजही बॉयलर पेटवतात. वाफ तयार व्हायलाच काही तास लागतात, म्हणून अंदाज बघून आधीच तयारी करावी लागते.

"पण खर्च केवढा! धूर केवढा!" मान्य. रोज चालवा असं कोणीच म्हणत नाही. पण वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या क्षमतेसाठी, धडधाकट यंत्र मोडून नवं बांधायचं, हा कुठला हिशोब?

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. यंत्र नुसतं पुसूनपासून ठेवलं तर ते बॅकअप होत नाही, शोपीस होतं. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, इंजिन कसं हळूहळू गरम करायचं, हे मॅन्युअल वाचून येत नाही. ते चालवणाऱ्याच्या हातात असतं आणि यंत्र बंद पडलं की त्या माणसाबरोबर रिटायर होतं. आपल्याकडचे बॅकअपही असेच. रोज रात्री नेमाने घेतलेले, पण रिस्टोअर करून कधीच न पाहिलेले. सर्व्हर झोपला की मग शोधाशोध!

तेव्हा जुनं जपायचं तर कौतुकासाठी नको, कामासाठी जपा. अधूनमधून पेटवा, नवीन पोरांना शेजारी उभं करून शिकवा. तेवढं जमत नसेल तर खुशाल मोडा, पण त्याला बॅकअप म्हणू नका. पाणी चढायला लागल्यावर पाटी उपयोगाची नसते.