हापशानंतरची हेलन

मी शिरूरला शाळेत होते तेव्हा दरवर्षी परिपाठात एकदा तरी हेलन केलर यायचीच. तिचा जन्म २७ जूनचा (१८८०), आणि आपल्या शाळा जूनमध्येच सुरू होणार. त्यामुळे वर्षातलं पहिलं भाषण बहुधा तिच्यावरच. एखादी चुणचुणीत मुलगी उभी राहायची आणि एका दमात सांगायची, की १९ महिन्यांची असताना आजारपणात हेलनची दृष्टी गेली, ऐकणंही गेलं, मग ॲन सुलिव्हनबाई आल्या, त्यांनी तिचा एक हात हापशाच्या धारेखाली धरला, दुसऱ्या तळहातावर बोटांच्या खुणांनी 'पाणी' हा शब्द लिहिला आणि चमत्कार झाला! "अंध आणि बहिरी असूनही तिने..." असं एक वाक्य शेवटी. टाळ्या. पहिला तास सुरू.

भाषण छानच असायचं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते गोष्ट हापशापाशी संपवण्याबद्दल. हापशाचा प्रसंग १८८७ चा. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. ती जगली ८७ वर्षं, १९६८ पर्यंत. म्हणजे उरलेली ८० वर्षं आपण गाळूनच टाकली की! १९०४ मध्ये ती रॅडक्लिफ कॉलेजातून बी.ए. झाली, पुस्तकं लिहिली, सभा गाजवल्या. १९५५ मध्ये, म्हणजे ७४ व्या वर्षी, ती भारतातही येऊन गेली. (याच वयात मला शिरूरहून दौंडला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशीपासून तयारी लागते.)

या पुढच्या आयुष्यातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण म्हणजे तिची आणि मार्क ट्वेनची मैत्री. ट्वेन म्हणजे टॉम सॉयर आणि हकलबरी फिनवाला. दोघांची पहिली भेट न्यूयॉर्कमध्ये लॉरेन्स हटन नावाच्या एका साहित्यिकाच्या घरी झाली. ती १४ वर्षांची, तो साठीला टेकलेला. जमलेले बाकीचे लोक तिच्याशी जपून, हळवेपणानं वागत असणार. ट्वेननं काय केलं? गोष्टी सांगितल्या! तिनं त्याच्या ओठांवर बोटं ठेवली आणि त्या बोटांनी त्याचे विनोद 'ऐकले', आणि ती खळखळून हसली. तिथून जी मैत्री जमली ती ट्वेन १९१० मध्ये जाईपर्यंत टिकली.

आता इथे आपल्या पुण्याचा थोडा संबंध येतो. ट्वेन १८९४ मध्ये कर्जबाजारी झाला होता. प्रकाशनाच्या धंद्यात आणि यंत्रात घातलेला पैसा बुडाला होता. ते कर्ज फेडण्यासाठी या वयात तो जगभर व्याख्यानं देत हिंडला. त्याच दौऱ्यात १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईला उतरला आणि पुण्यालाही व्याख्यान देऊन गेला. दौरा संपतो न संपतो तोच ऑगस्टमध्ये त्याची २४ वर्षांची मुलगी सूझी मेंदूच्या तापानं गेली. शेवटच्या दिवसांत तिची दृष्टी गेली होती. बाप तेव्हा समुद्रापार इंग्लंडात.

आणि त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, लंडनहून या माणसानं एक पत्र लिहिलं. ते होतं त्याचे धनवान मित्र हेन्री रॉजर्स यांच्या पत्नीला. रॉजर्स म्हणजे स्टँडर्ड ऑईल कंपनीतलं बडं प्रस्थ. पत्राचा मतलब असा, की हेलनचं शिक्षण पैशावाचून अडता कामा नये, तुम्ही यजमानांकडे शब्द टाका. रॉजर्स यांनी शब्द राखला आणि हेलन कॉलेजात गेली. पुढे १९०८ मध्ये तिनं आपलं एक पुस्तक रॉजर्स यांनाच अर्पण केलं.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या वर्षाचा विचार करत बसले. डोक्यावर कर्ज, घरात मुलीचं सुतक, आणि दुसऱ्याच्या मुलीच्या फीसाठी हा पत्र लिहितोय. नुसती 'अरेरे' म्हणणारी माणसं शंभर भेटतात. फीची सोय करणारा एखादाच भेटतो.

दुसरी गोष्ट मला मराठीची शिक्षिका म्हणून फार जवळची वाटते. ११ वर्षांची असताना हेलननं एक कथा लिहून आपल्या अंधशाळेच्या संचालकांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी कौतुकानं छापली. नंतर ध्यानात आलं, की कथा मार्गारेट कॅनबी या लेखिकेच्या कथेशी जुळते आहे. कुणीतरी ती कथा कधीकाळी हेलनच्या हातावर 'वाचून' दाखवली होती. हेलन ते विसरली होती, पण कथा मनात राहिली होती. झालं! १८९२ मध्ये शाळेत आठ जणांची समिती बसली. सुलिव्हनबाईंना बाहेर काढून त्या पोरीची एकटीची उलटतपासणी झाली. समितीत चार मतं बाजूनं, चार विरुद्ध. त्यानंतर कित्येक वर्षं काहीही लिहिताना "हे माझंच आहे ना?" ही धास्ती तिला छळत राहिली.

१९०३ मध्ये तिच्या आत्मचरित्रात ट्वेननं हे वाचलं आणि त्याचा पारा चढला. त्यानं तिला पत्र लिहिलं. त्या समितीला त्यानं चक्क सडलेल्या सलगमांच्या पंगतीला बसवलं, आणि सांगितलं की बाई गं, जगातल्या जवळजवळ सगळ्याच कल्पना कुणाच्या तरी उसन्या असतात, मीही एकदा ऑलिव्हर वेंडेल होम्सच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका नकळत माझ्या पुस्तकात उचलली होती. मी आयुष्यभर 'पावसाळ्यातील एक दिवस' तपासले. चाळीस वह्यांत एकच इंद्रधनुष्य आणि तीच कागदाची होडी! कुणी समिती बसवली नाही. हेलनवर बसली, कारण 'अशा' मुलीला स्वतःचं काही सुचूच शकत नाही, हा संशय आधीपासून मनात होता.

आणि तिसरी गोष्ट थट्टेची. १९०९ च्या जानेवारीत हेलन त्याच्या स्टॉर्मफील्डच्या घरी पाहुणी म्हणून गेली. झोपायची खोली दाखवताना यजमान सांगतात, सिगार अमुक ठिकाणी आहेत, व्हिस्कीही ठेवली आहे! मग म्हणतो, ये, तुला बिलियर्ड शिकवतो. ती म्हणाली, त्याला डोळे लागतात. तर हा म्हणतो, माझे मित्र ज्या तऱ्हेचं खेळतात त्याला लागत नाहीत! रात्री शेकोटीपाशी त्यानं तिला आपली 'ईव्हची डायरी' वाचून दाखवली. शेक्सपिअरची नाटकं खरंच शेक्सपिअरची का, यावर गप्पा रंगल्या. पुढे तिनं त्याच्याबद्दल लिहिलं त्याचा भावार्थ असा, की माझी मतं फुकाची आहेत असं त्यानं मला कधी वाटू दिलं नाही.

हे किती दुर्मिळ, ते तिला नंतर कळलं. १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली. मग ब्रुकलिनच्या ज्या संपादकानं भर सभेत तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं, त्यालाच तिच्या चुका तिच्या अपंगत्वातून दिसायला लागल्या. १९१२ मध्ये तिनं त्याला सणसणीत उत्तर दिलं. म्हणजे पाहा, हापशापाशी उभी असलेली हेलन सगळ्यांना हवी होती. मत असलेली हेलन आली, की लोकांना तिचे डोळे-कान आठवायचे.

तर आता मुद्द्यावर येते. नातलग मंडळी हे वाचतात म्हणून मुद्दामच लिहिते आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, दौंडला असते. वय ८४. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, आणि कानाला यंत्र लावूनही आता काही उमजत नाही. घरचे प्रेमानं करतात, सूनबाई तर सोन्यासारखी. पण येणारा पाहुणा काय करतो? अक्काच्या पायांना हात लावतो (ती दचकते), आणि मग तिच्या डोक्यावरून सूनबाईला विचारतो, "जेवतात का नीट? झोप लागते का?" मग "देवा रे, काय हे भोग" म्हणून चहा घेतो आणि जातो. कोण आलं होतं हे अक्काला रात्री कळतं.

अक्काला काही कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्या कॉटवर बसून पाहावं. आमचे भाऊजी रेल्वेत होते, घर रुळांपासून जवळ. कॉटच्या थरथरीवरून ती सांगते, "मालगाडी दिसतेय, लांबलचक आहे." बहुतेक वेळा बरोबर!

तिच्या तळहातावर मी बोटानं अक्षरं काढते. आपलीच बाराखडी, सातवी शिकलेली आहे ती. वेळ लागतो. घाईत शिरोरेघ गाळली की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांचा घोळ होतो. एकदा मी लिहिलं 'भात', तर म्हणाली, "मात? कुणी कुणावर केली?" आणि स्वतःच हसत सुटली. आता शिरोरेघ आधी काढायची असं आमचं ठरलंय. तब्येतीची चौकशी तिला नको असते. तिला विचारायचं असतं, "सध्या कुणाचं कुणाशी बिनसलंय ते सांग." जमिनीच्या वाटणीबद्दल तिचं स्पष्ट मत आहे, आणि ते तुमच्यापैकी काहींना आवडणार नाही. पण ते ऐकून घ्या, हवं तर वाद घाला. ८४ व्या वर्षी तिच्याशी कुणी भांडलं तर तिला बरंच वाटेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा उल्लेख आहे, मुंबईत १९७७ पासून हेलन केलर यांच्या नावानं अशा मुलांसाठी संस्था चालते. ज्यांच्या घरी असं लहान मूल असेल त्यांनी जरूर चौकशी करावी. शिकवणारी माणसं हवीतच. सुलिव्हनबाईंवाचून हेलन बोलती झाली नसती, आणि त्यांना चमत्कार घडवणारी म्हणणाऱ्यांत ट्वेनही होता. पण शिक्षक शिकवतो, घरचे सांभाळतात, आणि तरी एक जागा रिकामी राहते. थट्टा करणारा, वाद घालणारा, वेळ आली तर कुणाकडे तरी शब्द टाकणारा माणूस लागतो. त्याला ना पदवी लागते, ना अनुदान.

दिवाळीत दौंडला याल तेव्हा मिठाईचा पुडा सूनबाईकडे द्या आणि आधी अक्काजवळ बसा. तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवा, म्हणजे ती दचकणार नाही. मग तळहातावर आपलं नाव लिहा. शिरोरेघ विसरू नका.