यादीबाहेरचे हक्क

ज्या हक्काचा कायद्यात उल्लेख नाही तो हक्कच नव्हे, ही नोकरशाहीची जुनी समजूत होय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील गोंड आणि माडिया समाजांनी या समजुतीची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. गोटुलासाठी चार खांब आणणे किंवा पेनठाण्याकडे जाणारी वाट मोकळी असणे हा त्यांच्या दृष्टीने जगण्याचाच भाग. पण कोणत्याही कागदावर त्याची नोंद नव्हती. म्हणून जंगलखात्याच्या लेखी ती फार तर सवलत ठरली. आणि सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो.

राज्यघटनेपुढेही हाच प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. काही हक्क नमूद केले म्हणून जनतेचे उरलेले हक्क नाकारले असे समजू नये, अशी तरतूद अमेरिकेच्या घटनेत १७९१ च्या नवव्या दुरुस्तीने झाली. आपल्या घटनेत असे वाक्य नाही. त्याची किंमत आणीबाणीत मोजावी लागली. कलम २१ ची दाद स्थगित झाल्यावर स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद, असे १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरविले. जीवित व स्वातंत्र्य ही केवळ त्या कलमाची देणगी नव्हे, असे एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी बजावले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने घटनेत शब्दाने नसलेला खासगीपणाचा हक्क मूलभूत मानला, तेव्हा तो जुना निवाडाही रद्दबातल ठरला.

तथापि न्यायालयावरच विसंबून राहणे धोक्याचे आहे. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात सामावतो, असे न्यायालयाने मान्य केले. आणि त्याच निवाड्यात पावसाळा सरल्यानंतर झोपड्या हटविण्याची मुभाही महापालिकेला दिली. घटनेतील शब्दाचा अर्थ व्यापक झाला, पण माणसाच्या डोक्यावरचे छप्पर वाचले नाही.

तसेच, हक्क यादीत आला म्हणजे तो हाती पडला, असेही नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काची मान्यताही मिळाली. तरीही १९२७ च्या वन कायद्याचा आधार घेऊन जंगलखाते बांबूला झाडच मानीत राहिले. आपला बांबू गावाबाहेर नेऊन विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला तो २७ एप्रिल २०११ रोजी, केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री गावात आले तेव्हा. कायद्यातील शब्द तोच होता. त्याला बळ आले ते ग्रामसभेच्या चिकाटीने.

याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक तरतूद अशी आहे की तिच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. आधीच्या पोटकलमांत उल्लेख नसलेला, परंतु रूढीने उपभोगलेला अन्य कोणताही पारंपरिक हक्क तेथे मान्य केला आहे. वन्य प्राण्यांची शिकार मात्र वगळली आहे. जे राज्यघटनेने उघडपणे म्हटले नाही, ते जंगलातल्या माणसासाठी या कायद्याने म्हटले. यादी अपुरी असू शकते, याची ही प्रत्यक्ष कायद्यानेच दिलेली कबुली आहे.

या कबुलीचे मोल किती हे ओडिशातील नियमगिरीने दाखविले. डोंगरिया कोंधांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. आपल्या एटापल्ली तालुक्यातही सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण आहे. देवाच्या डोंगरावरचा हक्क कोणत्या रकान्यात बसतो, हे विचारणाऱ्याला उत्तर तयार हवे.

ते उत्तर मुंबई-दिल्लीत तयार होणार नाही. सामूहिक दाव्याच्या नमुन्यात अन्य पारंपरिक हक्कांसाठी जागा आहे. ती कोरी राहता कामा नये. कार्यकर्त्यांनी गावोगाव जावे, म्हाताऱ्या स्त्री-पुरुषांसमवेत बसावे. कोणती वाट, कोणता पाणवठा, कोणते झाड गाव आपले मानते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि ग्रामसभेच्या ठरावाने दाव्यात घालावे. हक्क कायद्याने निर्माण होत नाही. कायदा त्याला ओळखतो एवढेच. पण ओळख पटविण्यासाठी हक्कदाराने पुढे येऊन उभे राहावे लागते. तो एकटा उभा राहिला तर अर्जदार ठरतो. गाव उभे राहिले तर हक्क उभा राहतो.