शंख, चक्र आणि १०२४ खण

दोस्तांनो, जरा आपल्या बोटांची पेरं निरखून बघा बरं! पुरती गोल फिरलेली रेघ म्हणजे चक्र आणि एका बाजूला निसटलेली ती शंख, असं आजी सांगते ना? आजी त्यावरून भविष्य सांगते, तर पोलीस त्यावरून चोर ओळखतात!

ही गोष्ट आपल्याच देशात सुरू झाली. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. राज्यधर कोनाई या कंत्राटदाराने पुढे सही नाकारू नये, म्हणून त्याने करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला.

पण हजारो ठसे जमले, तर हवा तो शोधायचा कसा? नावाने शोधावं, तर चोर नाव बदलणार! हे कोडं कलकत्त्यात सुटलं. तिथे एडवर्ड हेन्री या पोलीसप्रमुखाच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे काम करत. हक गणिताचे विद्यार्थी. त्यांनी विचार केला, प्रत्येक बोटावर एक तर चक्र आहे, नाही तर नाही. म्हणजे एका बोटाच्या दोन शक्यता, दोन बोटांच्या चार, तीन बोटांच्या आठ... आणि दहा बोटांच्या? करा गुणाकार. १०२४! मग ३२ ओळींत ३२ असे १०२४ खण केले, की चिठ्ठी कुठल्या खणात शोधायची ते लगेच कळतं.

१८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. त्याच सुमारास जलपायगुडीत चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. तिथल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा सापडला. तो कचेरीत आधीच नोंद असलेल्या एका जुन्या नोकराच्या अंगठ्याशी तंतोतंत जुळला! मात्र त्याला शिक्षा झाली ती फक्त चोरीची. खून करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. ठसा 'इथे कोण होतं' ते सांगतो, 'काय केलं' ते नाही, हे लक्षात ठेवा हं.

१९०१ साली ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोचली. नाव मात्र पडलं 'हेन्री पद्धत'! हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता, हे हेन्रींनी १९२६ साली पत्रात कबूल केलं; पण पुस्तकांत नाव राहिलं ते हेन्रींचंच.

आता तुमची पाळी. कागदावर पेन्सिल घासा, त्यावर बोट दाबा, मग चिकटपट्टीवर ठसा उचला. दहाही बोटांचे ठसे वहीत चिकटवा. किती चक्रं निघाली? आणि ठसे घेताना हक आणि बोस या दोघांची आठवण जरूर काढा!