मुलांचे वाचन मुलांचेच

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ५ जानेवारी २००४ रोजी जमाव घुसला आणि ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. वाद होता जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचा. राग संस्थेवर निघाला, कारण लेखकाने ऋणनिर्देशात तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते. पुस्तकावरची सरकारी बंदी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. पण वाचकाला मदत करणे अंगाशी येऊ शकते, ही धास्ती मागे उरली.

शाळेच्या ग्रंथपालाच्या वाट्याला ती सर्वाधिक येते. तिथे जमाव लागत नाही, एका पालकाची तक्रार पुरते. अर्धवेळ नेमणुकीवरचा ग्रंथपाल वाद कशाला म्हणून पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावतो. अशा बंदीचा आदेश निघत नाही, त्यामुळे तिला आव्हानही देता येत नाही.

त्याहून कमी बोलले जाते ते देवघेवीच्या नोंदींबद्दल. जुन्या ब्राऊन पद्धतीत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या पाकिटात जाई; पुस्तक परत आले की कार्ड बाहेर निघे आणि कोणी काय वाचले याचा माग संपे. संगणकात तो माग वर्षानुवर्षे राहू शकतो. नववीतल्या मुलीने मासिक पाळीवरचे किंवा घरातल्या मारहाणीवरचे पुस्तक नेले, हे वर्गशिक्षकांना, संस्थाचालकांना, उद्या आणखी कुणाला कळावे? तसे कळेल असे वाटले तर ती पुस्तक मागणारच नाही. जिला ते सर्वांत गरजेचे, तीच रिकाम्या हाताने परतेल.

पालकांची काळजी आम्ही हलकी मानत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाने काय वाचावे, हे घरी ठरणे स्वाभाविक आहे. पण एका पालकाने आपल्या मुलासाठी घेतलेला निर्णय सगळ्या वर्गावर लादता येत नाही, आणि किशोरवयीन मुलांना स्वतःपुरते थोडे जग असावेच लागते. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने वाचकाची माहिती गोपनीय राखण्याचे कर्तव्य १९३९ मध्येच आपल्या आचारसंहितेत लिहिले. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली; मात्र २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी सवलत दिली. या सवलतीच्या आडून वाचनावर पहारा बसू नये, हे शाळांनीच पाहायचे आहे.

त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. कोहासारख्या मोफत प्रणालीतही परत आलेल्या पुस्तकावरून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय आहे. पुणे महापालिकेच्या शिक्षण विभागाने आणि शहरातल्या मोठ्या शिक्षणसंस्थांनी येत्या जूनपूर्वी दोन गोष्टी लेखी कराव्यात. पुस्तक परत येताच नोंदीतून नाव पुसले जाईल. आणि पुस्तकाविरुद्धची तक्रार लेखीच घेतली जाईल, ती ग्रंथपाल, शिक्षक व पालक यांची समिती पुस्तक वाचून निकाली काढेल. तोवर पुस्तक फळीवरच राहील.