दारातला कुत्रा आणि घरातले आरोग्य

आपल्या जिल्ह्यातली कुत्री बातमीत येतात ती दोनच कारणांनी. एक तर कुणाला चावली म्हणून, नाहीतर काही विपरीत घडले म्हणून. २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेली, तेव्हा ती बातमी पार परदेशात पोचली. वनखात्याने दोन वानरे पकडून नेली आणि विषय तिथेच संपला. कुत्र्याच्या सोबतीने माणसाची प्रकृती सुधारते की नाही, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कुणी विचारत नाही. वैद्यकशास्त्र तो गेली चाळीसेक वर्षे विचारते आहे, आणि त्याची उत्तरे आपल्या वाड्या-वस्त्यांच्या कामाची आहेत.

अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयविकारासाठी दवाखान्यात दाखल होऊन घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा त्यांनी वर्षभर मागोवा घेतला. घरात पाळीव प्राणी असलेल्या ५३ रुग्णांपैकी वर्षभरात ३ दगावले. प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११. रुग्ण थोडे, तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. पुढे २०१७ मध्ये स्वीडनमधून फार मोठी आकडेवारी आली. त्या देशात प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे आणि प्रत्येक नागरिकाच्या आजारपणाचीही नोंद असते. दोन्ही नोंदी जोडून ४० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांचा १२ वर्षांचा हिशोब मांडला गेला. कुत्रा पाळणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. त्यातही सर्वांत मोठा फरक दिसला तो एकट्या राहणाऱ्या माणसांत: त्यांच्यात कुठल्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ३३ टक्क्यांनी कमी होता.

इथे डॉक्टर म्हणून हात आखडता घेणे भाग आहे. जो माणूस मुळातच धडधाकट आहे, रोज बाहेर पडतो, तोच कुत्रा पाळतो, असेही असू शकते. मग श्रेय कुत्र्याचे की मूळच्या तब्येतीचे? याचा उलगडा करायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, आणि चिठ्ठी टाकून कुणाच्या घरी कुत्रा धाडणे सोपे नसते. तरी कॅरेन ॲलन यांनी तसे करून पाहिले. रक्तदाब असलेल्या ४८ शेअर दलालांना सगळ्यांना एकच गोळी सुरू केली आणि निम्म्यांना कुत्रा किंवा मांजर पाळायला सांगितले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शांत बसलेले असताना दाब गोळीने दोन्ही गटांत उतरला; पण मनावर ताण आला की चढणारा दाब प्राणी पाळणाऱ्यांत बराच कमी चढला. गोळी जिथे थोडी कमी पडत होती, तिथे प्राण्याने काम केले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये या सगळ्याचा आढावा घेऊन सावध शब्दांत सांगितले की कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होणे शक्य आहे, मात्र केवळ त्यासाठी कुत्रा आणू नये. मला हे मत पटते. कुत्रा म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे.

फायदा होतो तो कशाने? मोठा वाटा चालण्याचा. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट गाठण्याची शक्यता कुत्रा पाळणाऱ्यांत इतरांच्या चौपट असते. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. माझ्या ओपीडीतले दुकानदार, शिक्षक, कारकून यांना 'रोज अर्धा तास चाला' असे सांगितले की ते मान डोलावतात, आणि पुढच्या महिन्यात साखर तेवढीच असते. कुत्रा मान डोलावत नाही, पहाटे दारावर पंजे मारतो. दुसरा वाटा स्पर्शाचा. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, हे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. आई आणि तान्ह्या बाळातली ओढ ज्याने वाढते, तेच हे संप्रेरक.

पण दिवसभर गच्चीवर साखळीला बांधलेल्या लॅब्राडोरमुळे यातले काहीच होत नाही. बीड, परळी, अंबाजोगाईच्या नव्या वसाहतींत हे दृश्य वाढले आहे. मे महिन्याच्या उन्हात धापा टाकणारा तो जाड केसांचा प्राणी आणि खाली सोफ्यावर वजन वाढवणारे त्याचे मालक, दोघांचेही नुकसानच. लातूरकडचे पश्मी आणि कारवानी हे तर पळण्यासाठीच जोपासलेले कुत्रे. त्यांना खुंट्याला बांधणाऱ्यांनी मुळात कुत्रा का आणला, हेच कळत नाही.

स्वीडनच्या अभ्यासातला एकट्या माणसांचा आकडा मला आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवाळी उरकली की इथून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तांड्यांवर, वस्त्यांवर मागे राहतात म्हातारी माणसे, आणि काही घरांत त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. या चार-सहा महिन्यांत म्हाताऱ्यांचे खाणे कमी होते, गोळ्या चुकतात, झोप उडते, आणि ते दवाखान्यात येऊन 'अंगात त्राण नाही' एवढेच सांगतात. तपासण्या बऱ्याचदा ठीक असतात. अशा घरात कुत्रा असेल तर त्याच्यासाठी तरी भाकरी थापली जाते आणि आपल्याही पोटात दोन घास जातात. रात्री तो भुंकला की निदान कुणीतरी जागे आहे असे वाटते. आमच्याकडे हे मोजायचे काम कुणी केलेले नाही, पण एकटेपणा प्रकृतीला घातक असतो याबद्दल वैद्यकशास्त्राला आता शंका नाही.

लहान मुलांचेही तसेच. जन्मानंतर पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या स्वीडिश मुलांत शाळेच्या वयात दम्याचे प्रमाण सुमारे १३ टक्के कमी आढळले. गोठ्याशी संबंध असलेल्या मुलांत ते त्याहून बरेच कमी होते. मात्र मुलाला आधीच दमा असेल आणि कुत्र्याजवळ गेल्यावर तो उसळत असेल, तर या आकड्याच्या भरवशावर राहू नये.

आता दुसरी बाजू, कारण तिच्यावाचून हा विषय आपल्याकडे लिहिताच येत नाही. देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात, असा आयसीएमआरच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणाचा अंदाज आहे. चावणाऱ्यांत चारांपैकी तीन कुत्रे. आपली अडचण भटक्या कुत्र्यांइतकीच अर्ध्या पाळलेल्या कुत्र्यांची आहे. भाकरीचा तुकडा आपण टाकायचा, रात्री राखण त्याने करायची, पण लस कुणी द्यायची म्हटले की तो गावाचा. ऊसतोडीला निघालेल्या घराचा एखादा कुत्रा ट्रॉलीत चढून फडावर जातो, बाकीचे मागे उपाशी फिरतात. संशोधनात दिसलेला फायदा घरच्या कुत्र्याचा आहे, आणि धोका येतो तो अशा बेवारशी कुत्र्याकडून.

चावलेली जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात यावे. लस मोफत आहे. ती कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात, आणि जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्रा घरचा असला तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस लांबवू नये. पिल्लाचा दात लागला म्हणून दुर्लक्ष करणारे बरेच भेटतात. पिल्लालाही रेबीज होतो. रोगाची लक्षणे एकदा दिसली की आमच्या हातात काही उरत नाही.

रेबीजइतकी चर्चा न होणारा आणखी एक आजार शेळ्या-मेंढ्यांच्या आपल्या भागात ध्यानात ठेवायला हवा: यकृतात किंवा फुप्फुसात होणारी हायडॅटिड गाठ. कंदुरीला किंवा जत्रेला बोकड कापला की काळीज, फुप्फुसाचे टाकाऊ तुकडे कुत्र्यापुढे टाकतात. त्यातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर आणि मुलांच्या हातावर येतात. पोटात गेलेल्या अंड्यापासून वर्षानुवर्षे हळूहळू पाण्याची गाठ वाढत जाते आणि शेवटी बऱ्याचदा शस्त्रक्रियेवर येते. टाकाऊ भाग खोल पुरणे, कुत्र्याला प्राझिक्वांटेलचे जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित देणे आणि जेवणापूर्वी हात धुणे, एवढ्याने हे टळते.

गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा केंद्र सरकारने २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी, जाहीर केला. माणसांचा दवाखाना एका खात्याचा आणि जनावरांचा दुसऱ्या, त्यामुळे गावपातळीवर हे काम दोघांच्या मधे पडून राहते. ग्रामपंचायतींनी दोघांना एकत्र बोलावून दिवाळीच्या आधी, ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी, कुत्र्यांच्या लसीचे शिबिर घ्यावे. तेव्हा माणसे घरी असतात, कुत्रा धरून आणणारी पोरेही असतात. पाडव्यानंतर गाव रिकामे झाले की कुत्र्याला हात लावायला कुणी सापडत नाही.

आणि ज्यांना यंदा कुत्रा पाळायचाच आहे, त्यांनी पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी, पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरी, मग दरवर्षी एक. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती दाखवून ठेवावी, कारण त्या दिवशी बाकीचे बहुधा फडावर असतील.