तोट्याचाही हिशेब लागतो

या सदरात आम्ही सहसा भाषा, शाळा आणि सणवार यांविषयी लिहितो. या खेपेस विषय रुक्ष आहे. परंतु ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त शहरात राहते, अशा प्रत्येक घराशी त्याचा संबंध येऊ शकतो. म्हणून वाचकांनी तो धीराने वाचावा, एवढी विनंती.

आमच्या तिगावात प्राप्तिकराचे नाव घरोघरी निघत नाही. संत्र्याचे बगीचे आणि कपाशी यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांना शेतीच्या उत्पन्नावर हा कर नाही. आम्हां नोकरदारांचा कर पगारातूनच कापला जातो. त्यामुळे पोळ्याच्या आठवडाभर आधी एक बागायतदार गृहस्थ मोबाईल हाती घेऊन शाळेच्या कचेरीत आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरील भीती आम्हांस समजण्यासारखी होती.

"गुरुजी, हे इन्कम टॅक्सवाल्याचं काय आलं ते पाहा बरं. पोरानं काई लफडं तं नाही केलं?"

मुलगा आमचाच विद्यार्थी. पुण्यास एका कंपनीत नोकरीला आहे. प्राप्तिकराच्या नोंदणीत त्याने पूर्वी कधी वडिलांचा नंबर दिला होता, म्हणून पुण्याचा निरोप तिगावात येऊन पोहोचला. त्याचा आशय एवढाच होता की, आपल्या नावावर आभासी डिजिटल मालमत्तेचे, म्हणजे क्रिप्टोचे, व्यवहार दिसतात आणि विवरणपत्रात त्यांचा उल्लेख नाही. तरी तपासून पाहावे. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार यांसाठी मुलगा गावी आला, तेव्हा आम्ही त्याला घरी बोलावून घेतले. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, दोन वर्षं थोडी क्रिप्टो घेतली आणि विकली. एकूण तोटाच झाला. नफाच नाही तर कर कसला, म्हणून दाखवलं नाही."

त्याची चूक या शेवटच्या वाक्यात आहे. आम्हांला वाटते, तीच चूक अनेक सुशिक्षित तरुण करीत असतील.

२०२२ च्या वित्त कायद्याने या मालमत्तेसाठी वेगळाच नियम घालून दिला. १ एप्रिल २०२२ पासूनच्या व्यवहारांत जो नफा होईल त्यावर सरसकट ३० टक्के कर, आणि त्या करावर ४ टक्के उपकर. खरेदीच्या किमतीखेरीज दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करता येत नाही, आणि तो पुढील वर्षीही नेता येत नाही.

शाळेतील फळ्यावर मांडावे तसे एक उदाहरण मांडू. एखाद्याने ४०,००० रुपयांना एक नाणे घेऊन ५५,००० ला विकले, नफा १५,०००. दुसरे ५०,००० ला घेऊन ३०,००० ला विकले, तोटा २०,०००. घरचा हिशेब म्हणेल, एकूण ५,००० रुपये गेले. कायद्याचा हिशेब म्हणतो, १५,००० वर ३० टक्के म्हणजे ४,५००, अधिक उपकर १८०, एकंदर ४,६८० रुपये कर. खिशातून पैसे गेले आणि वर करही लागला! हे न्याय्य आहे की नाही, याची चर्चा होत राहील. पण कायदा आहे तोवर हिशेब असाच करावा लागेल.

"पण त्यांना कळलं कसं?" वडिलांनी विचारले. त्याचेही उत्तर कायद्यातच आहे. १ जुलै २०२२ पासून अशा विक्रीच्या रकमेवर, नफा असो वा तोटा, १ टक्का कर उगमस्थानीच कापला जातो आणि तो विक्रेत्याच्या पॅनवर जमा होतो. वरील उदाहरणात ५५० आणि ३०० मिळून ८५० रुपये आधीच जमा झालेले असतील. म्हणजे भरावयाचे राहतील ३,८३०. ज्याने विवरणपत्रात काहीच दाखवले नाही त्याच्या या ८५० रुपयांनीच खात्याला वाट दाखवलेली असते. आमच्या विद्यार्थ्याने पगारदारांचे सर्वांत सोपे, पहिल्या क्रमांकाचे विवरणपत्र भरले होते. त्यात क्रिप्टोचा तक्ताच नसतो. तो तक्ता दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या विवरणपत्रांत आहे, आणि त्यात प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत आणि आलेली रक्कम लिहावी लागते.

ही माहिती आणावी कोठून? ज्या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या बाजारावर, व्यवहार झाले तेथून ती उतरवून घ्यावी लागते. आम्हांला यंत्राचे ज्ञान बेताचेच. मुलगा लॅपटॉप चालवीत होता आणि आम्ही वही घेऊन शेजारी बसलो होतो. त्या संध्याकाळी जे शिकलो ते असे.

पहिली गोष्ट, १ एप्रिल ते ३१ मार्च असे पूर्ण वर्ष निवडावे. पूर्ण वर्ष एकदम मिळत नसेल तर तुकड्यातुकड्यांनी घ्यावे आणि मधला दिवस सुटला नाही ना, हे पाहावे. दुसरी गोष्ट, केवळ खरेदी-विक्रीची यादी पुरत नाही. रुपये भरल्या-काढल्याची नोंद, नाणी आत आल्याची व बाहेर गेल्याची नोंद, आणि कापलेल्या कराची नोंद, हे सारे घ्यावे. एक नाणे देऊन दुसरे घेतले, तर रुपया हाती न येताही ती विक्रीच ठरते. उलट, आपल्याच एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात नाणे नेले तर ती विक्री नव्हे. परंतु तसे दाखविणारी नोंद मात्र जवळ हवी.

तिसरी गोष्ट वेळेची. काही बाजारांच्या यादीत घड्याळ भारताचे नसून जागतिक प्रमाणवेळेचे असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे तीन वाजता केलेला व्यवहार तेथे ३१ मार्चच्या रात्री साडेनऊला पडतो आणि वर्षच बदलते! चौथी गोष्ट, उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून द्यावी आणि आकडेमोड तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावी. शेवटी ताळा घ्यावा: आरंभीची शिल्लक, अधिक आलेले, वजा गेलेले आणि शुल्क, हे प्रत्येक नाण्याच्या अखेरच्या शिल्लकेशी जुळलेच पाहिजे. न जुळल्यास एखादी यादी उतरवायची राहिली आहे, असे समजावे.

आमचा ताळा जुळला नाही. मुलाने आरंभीची काही खरेदी दुसऱ्याच एका बाजारावर केली होती, आणि तो बाजार आता बंद आहे. तेथील नाणी त्याने पुढे हलवली, पण खरेदीचा कागद घेतला नाही. कायद्यात जी एकच वजावट मिळते, त्या खरेदीच्या किमतीचाच पुरावा गेला! बँकेच्या उताऱ्यावरून आणि जुन्या ई-मेलांवरून बरीचशी रक्कम लागली. काही लागलीच नाही. तेवढ्या भागाचा भुर्दंड बहुधा त्याला सोसावा लागेल.

असे प्रसंग अपवादात्मक आहेत, असे कोणी समजू नये. मुंबईच्या 'कॉइनेक्स'ने जून २०१९ मध्ये आपला बाजार बंद केला. 'वझीरएक्स'मधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली आणि तेथील व्यवहार वर्षाहून अधिक काळ थांबले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ परदेशी बाजारांना नोटिसा दिल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची दारे भारतापुरती बंद करण्यात आली; त्यांतील काही पुढे नोंदणी करून परतले. बाजार उघडा असेपर्यंतच त्याची वही आपल्याला दिसते. तो मिटला तरी आपले कराचे उत्तरदायित्व मिटत नाही.

मुलगा आता नागपूरच्या एका सनदी लेखापालाकडे कागद घेऊन गेला आहे. राहिलेली वर्षे दुरुस्त करण्याच्या मुदती आणि त्यावरील जादा कर वर्षागणिक वेगळा असतो; तेथे आमच्यासारख्याने सल्ला देऊ नये. परंतु पत्राकडे दुर्लक्ष करण्यापेक्षा आपण होऊन हिशेब पुढे ठेवलेला बरा, हे सांगण्यास लेखापाल असावे लागत नाही.

त्या संध्याकाळी निघताना वडील मुलाला जे म्हणाले, ते आमच्या मनात राहिले. "मी चौथीपावेतोच शिकलो, पण अडत्याची एक पट्टी कधी फेकली नाही. घरी तारेला लावून ठेवल्या हायेत. वजन, भाव, हमाली, समदं त्यात लिहिलं असते. तू एवढा शिकला, अन् तुयाजवळ पट्टीच नाही?"

मुलाजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते, कारण त्याला गणित आम्हीच शिकविले, आणि कागद जपून ठेवावा हे शिकवायचे आमच्याकडून राहून गेले. वाचकांच्या घरी असे कोणी तरुण असतील तर त्यांना रागावू नये, लाजवूही नये. दर महिन्याच्या अखेरीस बाजाराची यादी उतरवून घरी ठेवली काय, एवढे मात्र विचारीत जावे.