बॅकअप आहे, पण दप्तर कुठाय?

कुठल्याही सरकारी कचेरीत जा आणि जुना कागद मागा. हल्ली एकच उत्तर मिळतं. "सगळं कॉम्प्युटरवर आहे, बॅकअप घेतलेला आहे." टेबलावरचा माणूस मोकळा, आणि आपणही मान डोलावून घरी.

मंडळी, इथेच आपली फसगत होते.

बॅकअप कशासाठी असतो? सर्व्हर जळाला, व्हायरस आला, कुणी फाइल उडवली, तर काम कालच्या जागेवरून पुन्हा सुरू करता यावं म्हणून. गाडीतली स्टेपनीच ती. आणि ती हवीच, याबद्दल वाद नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फाइलींची राख झाली, ते आपण टीव्हीवर पाहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला, कारण त्याची दुसरी प्रत बाहेर कुठे ठेवलेलीच नव्हती. इतका पुढारलेला देश, तरी ही गत!

पण बॅकअपचा स्वभावही ओळखा. त्याला फक्त 'आज काय आहे' एवढंच कळतं. जागा वाचवायला जुन्या प्रती पुसून त्यावर नव्या घेतल्या जातात. समजा, मार्चमध्ये कुणी एखादा ठराव गुपचूप 'दुरुस्त' केला आणि ते डिसेंबरमध्ये लक्षात आलं. तोवर बॅकअपमध्येही दुरुस्त केलेलाच ठराव बसलेला असतो. चूक असो की लबाडी, तिचाही बॅकअप इमानेइतबारे होतो.

दप्तराचं, म्हणजे अभिलेखागाराचं काम वेगळं. रोजच्या कामातून बाहेर पडलेला, पण जपायलाच हवा असा कागद तिथे जातो. त्याला नंबर पडतो, सूचीत नोंद होते, किती वर्षं ठेवायचा ते ठरतं आणि त्यात पुन्हा कुणी खाडाखोड करू शकत नाही. पन्नास वर्षांनी परक्या माणसालाही तो सापडला पाहिजे.

याची किंमत कळायला लांब जायला नको. २०२३ पासून शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो, पण त्या नोंदी सापडल्या कुठे? कोतवाल बुकात, शाळांच्या रजिस्टरात, मोडीतल्या जुन्या दप्तरात. कुणीतरी ते कागद बांधून, खूण करून ठेवले होते म्हणून. आजच्या नोंदी आपल्या नातवंडांना अशा सापडतील?

मला शंका आहे. आमच्याकडच्या एका कार्यालयात मी माहिती अधिकारात जुन्या ठरावांच्या नकला मागितल्या. उत्तर आलं: जुनी प्रणाली बंद झाली आहे, डेटा बॅकअपमध्ये आहे, नक्कल देता येत नाही. म्हणजे आहेही आणि नाहीही! ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडायचं तेच उरलं नाही, आणि आत काय आहे याची यादी कुणाकडे नाही. याला जपणूक म्हणत नाहीत.

कायदा नाही असंही नाही. राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सुरूच होतं ते अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्याच्या कर्तव्यापासून. पण टेंडर निघतं ते स्कॅनिंगचं आणि सर्व्हरचं. सूची करणाऱ्या माणसाचं पद मात्र रिकामंच. किती पानं स्कॅन केली त्याचा फलक लागतो, किती पानं मागितल्यावर सापडली ते कोण मोजतो?

म्हणून पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. बॅकअपमधून शेवटचं काही परत काढून कधी पाहिलं, आणि त्याची एक प्रत या इमारतीबाहेर आहे का? जुन्या अभिलेखांची सूची कुठे आहे, ती आम्हाला दाखवा. आणि सॉफ्टवेअर बदललं तेव्हा आधीच्या नोंदी कुणी, कुठे हलवल्या?

उत्तर लेखी घ्या. आणि पोच जपून ठेवा. कागदावर.